८५० पौंड भाडं सोडून व्हॅनमध्ये राहायला जावं का? (ब्रिस्टल)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. मी वारणानगरजवळच्या गावचा. इथे मास्टर्स केलं आणि आता ब्रिस्टलमध्ये फिल्टनकडे नोकरी लागलीय. सध्या ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. पुढच्या वर्षी कंपनी स्किल्ड वर्कर व्हिसासाठी स्पॉन्सर करेल, असं बोलणं झालंय.

पाच जणांच्या घरात एक खोली आहे. बिलं धरून महिन्याला ८५० पौंड. पलंग आणि टेबल ठेवलं की खोली संपते. शिक्षणकर्जाला बाबा जामीन आहेत, जमीन तारण आहे, आणि हप्ता भरून हातात फार काही उरत नाही. हे कर्ज लवकर फेडून बाबांची जमीन मोकळी करायची, एवढंच डोक्यात आहे.

गेल्या आठवड्यात एक जाहिरात पाहिली. २०१४ ची डिझेल स्प्रिंटर (मर्सिडीजची मोठी व्हॅन), आत पलंग, गॅसची शेगडी, छतावर सोलर. किंमत ७,५०० पौंड. म्हणजे नऊ महिन्यांच्या भाड्यात व्हॅन माझी होते. मला सामानाची हौस नाही. दोन बॅगा, लॅपटॉप आणि कुकर, एवढाच माझा संसार. दोन्ही वेळचं जेवण मात्र घरचंच लागतं.

इथे कोणी असं राहिलंय का? थंडी निभते का? रात्री गाडी कुठे लावता? आणि पैसे खरंच वाचतात का?

रेडिंगचे काका

बाळा, कर्जाची काळजी करतोस हे चांगलं आहे, पण आधी सोपा मार्ग बघ. एखाद्या मराठी कुटुंबाकडे लॉजर म्हणून, म्हणजे त्यांच्याच घरातली एक खोली भाड्याने घेऊन राहा. घरमालक स्वतः त्याच घरात राहत असेल तर ‘रेंट अ रूम’ योजनेत त्याला वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या भाड्यावर कर लागत नाही. त्यामुळे मुलं शिकायला बाहेर पडली की बरेच जण खोली देतात. ब्रॅडली स्टोकला आपली बरीच मंडळी आहेत आणि फिल्टन तिथून जवळ. दिवाळीच्या कार्यक्रमात चार जणांच्या कानावर घाल. जाहिरातीपेक्षा लवकर काम होतं.

कृष्णाकाठची

वारणाकाठ, तू लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करते. मी सांगलीची. इथे फिजिओथेरपिस्ट आहे आणि ब्रिस्टलमध्येच व्हॅनमध्ये राहते. हिवाळ्यातही.

काकांचं म्हणणं मनावर घे. माझ्या मते व्हॅन स्वस्त पडते ती कागदपत्रं पक्की झालेल्या माणसाला. माझ्याकडे आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) आहे, इथला गाडी चालवायचा परवाना आहे. तुझ्याकडे बहुधा अजून दोन्ही नाहीत. व्हिसावरच्या माणसाने पत्ता बदलला की यूकेव्हीआयच्या (इथल्या सरकारी व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्यात कळवावं लागतं. स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीलाही तुझा राहता पत्ता नोंदवून ठेवावा लागतो. तिथे ‘आज या रस्त्याला, उद्या त्या रस्त्याला’ असं लिहिता येत नाही, आणि ओळखीच्या घराचा पत्ता देऊन आपण तिथेच राहतो असं भासवणं हा खोटेपणा आहे. सहाशे-सातशे पौंडांसाठी स्पॉन्सरशिप धोक्यात घालू नकोस. ती गेली तर बाबांची जमीन कशी सुटणार?

दुसरं, परवाना. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. तू मास्टर्ससाठी आलास तेव्हापासून मोज. मुदत संपली असेल तर प्रोव्हिजनल (शिकाऊ परवाना) काढ, परीक्षा दे, मगच विमा. नव्या परवान्यावर मोठ्या व्हॅनचा विमा महाग मिळतो, आणि कॅम्परच्या बऱ्याच पॉलिसी बारमाही राहणाऱ्यांना चालत नाहीत. विमेवाल्याला स्पष्ट सांग की मी यातच राहणार आहे. लपवून घेतलेला विमा ऐन वेळी उपयोगाचा नाही.

तिसरं, ती स्प्रिंटर. २०१४ ची डिझेल म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या मानकात जवळजवळ नक्की युरो ५, जुन्या टप्प्यातली. ब्रिस्टलच्या मध्यभागात २०२२ च्या नोव्हेंबरपासून क्लीन एअर झोन आहे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे भरावे लागतात असा भाग; तिथे अशा गाडीला दिवसाला ९ पौंड. फिल्टन त्या झोनच्या बाहेर आहे, पण मध्यभागात शिरलास की भरायचेच. लंडनमध्ये हेच १२.५० पौंड. २०१६ च्या सप्टेंबरनंतरची युरो ६ बघ. तुझी उंची पावणेसहा फुटांच्या आत असेल तर डुकाटो, बॉक्सर, रिले या एकाच बनावटीच्या तीन व्हॅन, तिघी बहिणीच, त्यांपैकी एखादी घे. त्यांच्या भिंती सरळ उभ्या असतात, त्यामुळे पलंग आडवा बसतो आणि ओट्याला जागा उरते. छत एच२, म्हणजे उंच प्रकारातलं, घेतलं की आत उभं राहता येतं. दिवसभर रुग्णांपाशी वाकून आल्यावर घरातही वाकून वावरायचं, हे मला जमलं नसतं.

आता थंडी. थंडीपेक्षा ओल जास्त त्रास देते. बाहेर दोन अंश, आत आपला श्वास, ओला टॉवेल, भाताची वाफ; सगळं पाणी पत्र्यावर जाऊन बसतं आणि लाकडी अस्तराच्या मागे बुरशी धरते. उघड्या गॅसवर व्हॅन तापवायचा विचारही करू नकोस. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात आत सुटतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका जिवाशी. डिझेल हीटर लाव. त्याला जळायला हवा बाहेरून मिळते, धूरही बाहेर जातो, आत फक्त कोरडी ऊब येते. मंद ठेवला तर तासाला पाव लिटरही डिझेल लागत नाही. छताला पंखा हवाच आणि तो हिवाळ्यातही थोडा चालू ठेवायचा. थंडीत खिडकी उघडायला जीव होत नाही, पण तेवढी फट ठेवली की पहाटे चादर कोरडी राहते.

सोलरवर डिसेंबरात विसंबू नकोस. चारला अंधार पडतो आणि दिवसभर ढग. जूनमध्ये मिळते त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी वीज हाती येते. २०० वॅटच्या पॅनेलवर दिवसाला शे-सव्वाशे वॅट-तास निघाले तरी चांगलं. हीटरचा पंखा, दिवे, फोन एवढं कसंबसं भागतं, तुझा लॅपटॉप नाही. गाडी चालताना इंजिनावरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर त्यासाठी लागतो. मी शनिवार-रविवार शेतातल्या छोट्या कॅम्पसाइटवर जाते, पाच गाड्यांचीच जागा. तिथे विजेची जोडणी, पाण्याचा नळ आणि टॉयलेट रिकामं करायला एल्सन पॉइंट. आठवड्याचं सगळं तिथे उरकतं. त्याचे पैसे पडतात. वर्षाला साडेतीनशे पौंडांच्या आसपास रोड टॅक्स, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी), विमा, डिझेल, आंघोळीसाठी जिम, आणि कधी अचानक क्लच. हे सगळं धरून माझे पैसे वाचतात, पण ८५० मधले ८५० वाचतील असं धरून चालू नकोस.

रात्री गाडी लावायची जागा. रस्त्यावर गाडीत झोपणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. टॅक्स, एमओटी, विमा हवा आणि त्या जागेचे पार्किंगचे नियम पाळायचे. बऱ्याच वाहनतळांवर रात्री थांबायला मनाई असते, पाट्या वाच. डाउन्स या मोठ्या मोकळ्या मैदानाच्या कडेला जाऊ नकोस, तिथल्या व्हॅनवाल्यांवरून रहिवासी फार नाराज आहेत. कुणाच्या खिडकीसमोर उभं राहायचं नाही, खुर्च्या बाहेर मांडायच्या नाहीत, एकाच ठिकाणी मुक्काम ठोकायचा नाही. मी बाई माणूस, म्हणून आणखी दोन नियम पाळते. गाडीचं तोंड नेहमी रस्त्याकडे, आणि पलंगावरून उठून बाहेर न उतरता चालकाच्या सीटवर जाता आलं पाहिजे. किल्ली ठरल्या खुंटीला. मनाला पटलं नाही की तिथून निघायचं, मग रात्रीचा एक का वाजला असेना. आणि दारू पीत असशील तर नीट ऐक. प्यायलेला माणूस किल्लीसकट गाडीत झोपलेला सापडला तर गाडी ‘ताब्यात असल्याचा’ गुन्हा लागू शकतो. व्हॅन हेच घर असलं तरी.

वारणाकाठ

ताई, मनापासून आभार. परवान्याचे १२ महिने खरंच संपलेत, हे माझ्या लक्षातच नव्हतं. दारूचा प्रश्न नाही. पण कुकरचं काय? आणि घरी काय सांगितलंत?

कृष्णाकाठची

कुकर आहे माझ्याकडे, दोन लिटरचा. पण शिट्ट्यांवर शिट्ट्या केल्या तर आतल्या सगळ्या काचा धुरकटतात. मी मूग-तांदूळ सकाळी भिजवून ठेवते, संध्याकाळी एक शिट्टी आली की गॅस बंद, आणि कुकर जाड गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवते. अर्ध्या-पाऊण तासात आतल्या उष्णतेवरच खिचडी मऊ होते, गॅसही वाचतो. ही गोधडी आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली आहे. इथे विकत मिळणाऱ्या कुठल्याही पेटीपेक्षा ती जास्त वेळ गरम ठेवते.

फोडणी आत करायची नाही. मोहरी-हिंगाचा वास उशीत बसला की कामावरच्या कपड्यांनाही लागतो. रविवारी साइटवर मागचं दार उघडून बाहेरच्या शेगडीवर आठवड्याची फोडणी करते आणि बाटलीत भरते. भाजणी, मेतकूट, पोहे, ताकाला दही. डाळी ईस्टनला सेंट मार्क्स रोडवरून आणते. पोळ्या आठवड्यातून एकदाच लाटते, एरवी थालीपीठ, कारण त्याला पोळपाट लागत नाही. इंडक्शनच्या फंदात पडू नकोस. १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास वीज, इंडक्शन ती तासाभरात पिऊन टाकतं. मिक्सर मात्र दोन मिनिटं खुशाल चालतो, चटणी होते.

घरचं विचारलंस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आलं तेव्हा आमच्या घरात माळ्यापर्यंत चिखल होता. आईने तीस वर्षं जपलेलं सगळं, कपाटं, गाद्या, फोटो, अंगणात काढून टाकावं लागलं. मी इथून फक्त फोनवर बघत होते. घर पुन्हा उभं करायला पैसे लागणार होते, आणि माझा अर्धा पगार भाड्यात जात होता. तेव्हा हा विचार सुरू झाला. आईला मी आधी व्हिडिओवर पलंग दाखवला, मग ओटा. तिने एकच विचारलं, दार आतून लागतं का? लावून दाखवलं. नव्या घराचा ओटा आणि छत या व्हॅनमुळे लवकर झालं, आणि त्याचा मला फार आनंद आहे. सामान किती कमी लागतं तेही कळलं. चार ताटं घेतली होती, दोन परत दिली.

म्हणून व्हॅनला नाही म्हणत नाही. तुझ्यासाठी क्रम वेगळा हवा, एवढंच. आधी काकांनी सांगितलेली खोली, मग परवाना, मग व्हिसा. मग वसंतात व्हॅन, म्हणजे हिवाळ्याआधी हाताशी सहा महिने राहतात. आणि त्या वेळी पत्त्याचं काय करायचं ते नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला पैसे देऊन विचार, आमच्यासारख्यांच्या उत्तरांवर जाऊ नकोस.

वायरमन स्विंडन

मी इलेक्ट्रिशियन आहे, दोन गोष्टी सांगतो. तयार केलेली व्हॅन घेताना ओट्याखालचं फळकूट काढायला लावा. बॅटरीच्या अगदी जवळ, तारेच्या जाडीला साजेसा फ्यूज दिसला नाही तर पुढे बघूच नका, आग तिथून लागते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तसं झालं तर चार्जिंग आपोआप थांबवणारी यंत्रणा आहे का विचारा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवंच. तिथे भोक नसलेल्या कितीतरी घरगुती बनावटीच्या गाड्या विकायला येतात. थंडीत तापमान शून्याजवळ गेलं की ब्यूटेन सिलिंडरमधून नीट येत नाही, प्रोपेन घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वीस पौंडांच्या आसपास मिळतो. तो पहिल्या दिवशी लावा.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. स्प्रिंटरवाल्याला नको कळवलं. प्रोव्हिजनलचा अर्ज केलाय, आणि काकांच्या सांगण्यावरून ब्रॅडली स्टोकमध्ये एका घरी विचारलं. ५५० म्हणतायत, स्वयंपाकघर वापरायला मिळेल. रविवारी ब्रिस्टलजवळच्या येटला एक २०१७ ची बॉक्सर बघायला जातोय. घ्यायची नाही, पण बघायला शिकतो. जाताना काय घेऊ?

कृष्णाकाठची

५५० ची खोली सोडू नकोस, आजच हो म्हण.

येटला मी येते, त्या बाजूला मला काम आहे. आधी नंबरप्लेटवरून सरकारी साइटवर एमओटीचा इतिहास काढ, फुकट दिसतो; कुठल्या वर्षी गंज लिहिलाय ते बघ. मालकाला सांग, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, थंड इंजिन कसं उठतं ते बघायचंय. टॉर्च, जुनी चटई आणि चुंबक आण. दारांखालच्या पट्ट्यांवर चुंबक चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय.