यशिका मॅट १२४जी : पहिली फ्रेम अर्धी, कडा काळ्या, रोल फुगलेला

बर्डी_सहाबायसहा
नमस्कार मंडळी. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका जुन्या स्टुडिओकडून यशिका मॅट १२४जी (दोन लेन्सचा जुना फिल्म कॅमेरा) घेतली आहे. शटर आणि फोकस ठीक आहेत, भानगड रोल भरण्यातच दिसते. १२० चा (फिल्मच्या मागे कागद असलेला) ब्लॅक अँड व्हाइट रोल धुऊन आला, त्यात असं आहे :

पहिली फ्रेम अर्धीच आली. फिल्म जिथे सुरू होते तिथेच चित्र कापलं गेलंय. निगेटिव्हच्या दोन्ही कडांना लाटांसारखा काळपटपणा आहे, सुरुवातीला कमी आणि शेवटच्या दोन-तीन फ्रेमना जास्त. फ्रेममधलं अंतर मात्र सगळीकडे सारखं आहे. क्रँक (फिल्म पुढे सरकवायचा दांडा) पहिल्यापासून जड होता आणि फ्रेम मोजणारा काउंटर १२ वर संपलाच नाही, पुढे १३, १४ करत गेला. रोल बाहेर काढला तेव्हा एका बाजूने फुगलेला होता, कागदाची कड चुरगळलेली.

मेकॅनिककडे टाकावा, की माझंच काही चुकतंय?

लालखिडकी
मेकॅनिकचे पैसे तूर्त वाचवा. अंतर सारखं आहे म्हणजे फिल्म मोजणारी यंत्रणा शाबूत आहे. फ्रेम एकमेकींवर चढल्या असत्या किंवा अंतर कमीजास्त असतं, तर कॅमेरा उघडायला सांगितलं असतं.

आधी काउंटर आणि जड क्रँक. दोन्हीचं कारण एकच : प्रेशर प्लेट (फिल्म मागून सपाट दाबून धरणारी) २४ वर आहे. मागचं झाकण उघडा, आतल्या काळ्या प्लेटवर १२ किंवा २४ लिहिलेलं दिसेल. २४ ही जागा २२० फिल्मसाठी. २२० ला फिल्मच्या मागे सलग कागद नसतो, म्हणून तिथे प्लेट, फिल्म ज्यांवरून सरकते त्या पट्ट्यांच्या जास्त जवळ बसते. त्या फटीत १२० ची फिल्म आणि कागद असा जाड थर गेला की क्रँक जड होणारच, फिल्मवर ओरखडेही येऊ शकतात. काउंटरही २४ फ्रेमच्या हिशेबाने चालतो, त्यामुळे १३ नंतरचे फोटो तुम्ही नुसत्या कागदावर काढलेत. प्लेट दाबून १२ कडे सरकवा. बाहेर काउंटरजवळच्या छोट्या खिडकीतही १२ दिसलं पाहिजे.

आता अर्धी फ्रेम आणि फुगलेला रोल. या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे, कागदातली ढील. कागदावरचा बाण तुम्ही कॅमेऱ्यातल्या खुणेवर बरोबर आणला असेल, पण वरच्या स्पूलवर (कागद गुंडाळला जातो त्या रिळावर) कागद सैल होता. झाकण लावल्यावर क्रँकचा पहिला भाग ती ढील गिळण्यात गेला, फिल्म तेवढी कमी सरकली आणि फ्रेम १ फिल्मच्या सुरुवातीच्या कडेवर पडली. सैल सुरू झालेला रोल शेवटपर्यंत सैलच गुंडाळला जातो. त्यात कागदाची जीभ (सुरुवातीचं टोक) तिरकी अडकली असेल तर स्पूलच्या एका फ्लँजवर (टोकाच्या चकतीवर) कागद चढतो आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. रोल बाहेर काढताना उजेड तिथून शिरतो. शेवटच्या फ्रेम स्पूलवर सगळ्यात बाहेर असतात, म्हणून त्यांना जास्त काळपटपणा.

भरायची पद्धत अशी :

रिकामा स्पूल वर, नवा रोल खाली. क्रँकच्या विरुद्ध बाजूची बटणं बाहेर ओढून स्पूल बसवा आणि बटण सोडल्यावर पिन पूर्ण आत गेली का ते बोटाने बघा. कागदाची छापील बाजू तुमच्याकडे, काळी बाजू लेन्सकडे. जीभ वरच्या स्पूलच्या लांब खाचेत, अगदी मधोमध. दोन्ही फ्लँजपासून सारखं अंतर आहे का बघा. इथे घाई केली की पुढे सगळं तिरकं.

मग डाव्या हाताचा अंगठा खालच्या रोलवर हलका टेकवा आणि क्रँक सावकाश फिरवा. कागद सपाट, ताठ राहिला पाहिजे. दोन वेढे झाले की थांबा आणि कडा बघा. तिरकं असेल तर इथेच सोडवून परत लावा, फिल्म अजून खूप आत आहे. कागदावरचा आडवा बाण बाजूच्या खुणांसमोर आला की थांबायचं. झाकण लावा, क्रँक आपोआप अडेपर्यंत फिरवा, काउंटरवर १ येईल.

बाण खुणेच्या थोडा पुढे गेला तर घाबरू नका. फिल्म साधारण ८२ सेंमी असते आणि ५६ मिमीच्या बारा फ्रेम मधल्या अंतरासकट ७४-७५ सेंमीत बसतात. सेंटीमीटरभर पुढे गेलं तर चालतं. मागे राहिलं तर मात्र पहिली फ्रेम जाते.

इतवारी_डार्करूम
लालखिडकी भाऊंनी भरायचं सांगितलं, मी काढायचं सांगतो. निम्मा काळपटपणा तिथेच लागते.

बारावा फोटो झाला की क्रँक मोकळा फिरते. कागद सुटल्याचं हाताला कळते, त्यानंतरही चार-पाच वेढे द्या. झाकण उघडायचं ते सावलीत, उन्हात उभं राहून अंगाच्या सावलीत नाही, खरोखर आतल्या खोलीत. रोल काढताना अंगठ्याने दाबून धरा, टोक आत दुमडा आणि पट्टी चिकटवा. काही रोलची पट्टी ओली करून लावावी लागते, फुजीची तशीच चिकटते. मग लगेच काळ्या डबीत किंवा फॉइलमध्ये.

फुगलेला रोल दिसला की लोक टोक ओढून आवळतात. ते करू नका भाऊ. आत थरावर थर घासतात आणि इमल्शनवर (फिल्मच्या चित्र धरणाऱ्या थरावर) बारीक रेषा येतात, मग कितीही चांगला धुतला तरी जात नाहीत. तसाच रबर लावून फॉइलमध्ये गुंडाळा आणि लॅबवाल्याला सांगा, अंधारातच उघड.

आणि एक तपासा. खालच्या कप्प्यात पत्र्याची पातळ पट्टी असते, ती रोलवर हलकी टेकली पाहिजे. वाकून मागे गेली असेल तर रोल मोकळा फिरते आणि ढील पडते. बोटाने जरा पुढे आणली की झालं, जास्त वाकवाल तर तुटेल.

रोलीवाला
एक खबरदारी, कारण हा धागा पुढे कोणीतरी रोलीफ्लेक्ससाठी (याच घडणीचा जर्मन कॅमेरा) वाचेल. १९३७ पासूनच्या रोलीफ्लेक्स ऑटोमॅटला बाण जुळवायचा नसतो. कागद दोन रुळांच्या (फिरत्या दांड्यांच्या) मधून घालायचा. फिल्म चिकटवलेल्या जागी जाडी वाढते, ती रुळांना कळली की काउंटर सुरू होतो. कागद रुळांच्या वरून गेला तर अख्खा रोल न थांबता पलीकडे जातो. त्यामुळे नुसता जुना बॅकिंग पेपर (फिल्मच्या मागचा कागद) घेऊन सराव यशिकावर होतो, ऑटोमॅटवर होत नाही.

काळपटपणाबद्दल : पुढच्या रोलला तो दर फ्रेममध्ये एकाच जागी आला, तर दोष गुंडाळण्याचा नाही, झाकणाच्या खाचेतला फोम गेलाय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुना फोम चिकट काळा डांबर होतो. काडीने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन पातळ काळी पट्टी लावा. अल्कोहोल कापसाला लावा, थेट कॅमेऱ्यात ओतू नका.

बर्डी_सहाबायसहा
प्लेट २४ वरच होती! सरकवली, खिडकीत १२ दिसतंय. पत्र्याची पट्टीही मागे दबलेली होती, पुढे घेतली. जुन्या बॅकिंग पेपरवर सराव चालू आहे, कडा आता सरळ येतात. पुढचा रोल फ्रीजमध्ये आहे. लगेच काढून भरला तर चालेल का?

इतवारी_डार्करूम
नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि घरात कूलर, म्हणजे खोलीतली हवा दमट. थंड रोलचं फॉइल लगेच फोडलं तर फिल्मवर आणि कागदावर पाणी धरते, कागद चिकटते. फॉइल न फोडता दीड-दोन तास बाहेर ठेवा, कूलरच्या झोतापासून दूर. आणि भरलेला कॅमेरा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, जवळच्या फुटाळा तलावापर्यंतच जायचं असलं तरी.