‘फ्लोरा’ म्हणजे वनस्पती? वटवाघळाच्या आतड्यातले शब्द

प्रश्न: वटवाघळांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. ‘गट फ्लोरा’साठी कच्च्या अनुवादात ‘आतड्यातील वनस्पती’ आलंय. विषय फळं खाणाऱ्या वटवाघळांचा, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटायचं की बिया पोटातच रुजल्या! काय लिहावं?

उत्तर: वनस्पती नकोच. जिवाणूंना एके काळी वनस्पतींत बसवत, तेव्हाचं ते नाव. वर्गीकरण बदललं, शब्द मागे राहिला. सरळ ‘आतड्यातले जिवाणू’ लिहा. बुरशीही धरायची असेल तर ‘सूक्ष्मजीव’. फक्त जिवाणूचा विषाणू होऊ देऊ नका. वटवाघूळ म्हटलं की हात आपोआप तिकडे वळतो.

दुसरं मत: ‘जिवाणूंची वसाहत’ का नको? ऐकायला बरं वाटतं.

उत्तर: गाईच्या पोटाबद्दल बिनधास्त लिहा. तिथे जिवाणू मुक्काम ठोकून चारा कुजवतात. वटवाघळाला उडायचं असतं, आतडं आखूड, खाल्लेलं झरझर पुढे सरकतं. मोठी फलाहारी वटवाघळं तर फळ तोंडात चुरून रस गिळतात आणि चोथा थुंकून टाकतात. म्हणजे तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना कामच उरत नाही! बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मानाने इथे प्रोटीओबॅक्टेरिया गटाचे जिवाणू जास्त सापडतात, आणि यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या पोटात ते राहतात त्या वटवाघळाच्या, कुळाशी जिवाणूंचं नातंही सैल असतं. ‘वसाहत’ म्हटलं की पक्की घरं दिसतात. मला ‘वावर’ जास्त पटतो.

आणखी एक शंका: कीटकभक्षी, फलाहारी ठीक. तिसऱ्याला, रक्तावर जगणाऱ्याला, ‘रक्तपिपासू’ लिहू?

उत्तर: ती शिवी झाली. चौदाशेहून अधिक जातींपैकी फक्त 3 रक्तावर जगतात, आणि ती त्यांची तहान नव्हे, पुरतं जेवण आहे. ‘रक्ताहारी’ लिहा. ‘रक्तशोषक’ तर चूकच, कारण ती रक्त शोषत नाहीत, जखम करून जिभेने चाटतात. रक्तात प्रथिनं भरपूर, पण साखर आणि जीवनसत्त्वं अगदी थोडी. अशा आहारावर निभाव लागायला प्राण्याची जनुकं आणि आतड्यातले जिवाणू दोन्ही जुळवून घेतात, असं 2018च्या एका अभ्यासात दिसलं.

प्रश्नकर्ता: मग वाक्य असं करतो: ‘वटवाघूळ काय खातं, यावर त्याच्या आतड्यात कोणते जिवाणू वावरतील हे बरंचसं ठरतं.’

उत्तर: छान. संपादकाने कापलं तरी ‘बरंचसं’ सोडू नका. नातं सैल असलं तरी कुळाचा थोडा हात असतोच.