निवेदन की खरेदीची ऑर्डर: कृष्णवर्णीय समाजासाठी मोठ्या दुकानांनी नेमके काय करावे?

पायवाट (धागाकर्ती):

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला आणि पुढच्या काही दिवसांत अमेरिकेतील एकेका दुकानसाखळीचे कृष्णवर्णीय समाजाला पाठिंबा देणारे निवेदन येऊ लागले. मी तेव्हा याच शहराच्या एका उपनगरात राहत होते आणि किरकोळ विक्रीच्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करत होते. आमच्याही कंपनीने निवेदन काढले. ते कोणी लिहिले, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

त्या गदारोळात हिशेबाची भाषा बोलणारा एक प्रस्ताव मात्र आला. ‘ब्रदर वेलीज’ या ब्रँडच्या संस्थापक ऑरोरा जेम्स यांनी मोठ्या दुकानांना जाहीरपणे सांगितले की, कृष्णवर्णीय लोक या देशाच्या लोकसंख्येत सुमारे १५ टक्के आहेत, तर तुमच्या फळ्यांवरील १५ टक्के जागाही त्यांच्या मालकीच्या व्यवसायांना द्या. मोठ्या साखळ्यांपैकी प्रसाधने विकणाऱ्या सेफोराने जून २०२० मध्ये सर्वप्रथम होकार दिला आणि नोव्हेंबरमध्ये मेसीज आले. मिनियापोलिसच्याच टार्गेटने वेगळ्या वाटेने जाऊन एप्रिल २०२१ मध्ये घोषणा केली की, २०२५ अखेरपर्यंत कृष्णवर्णीय मालकीच्या व्यवसायांवर दोन अब्ज डॉलर खर्च करू आणि अशा पाचशेहून अधिक व्यवसायांचा माल दुकानांत आणू.

माझे मत असे की, फळीवर जागा देणे हे अर्धेच काम आहे आणि उरलेले अर्धे न केल्यास पहिले अर्धे त्या उद्योजकाच्या गळ्याशी येते. बाहेरच्या माणसाला वाटते की मोठी ऑर्डर मिळाली म्हणजे गंगेत घोडे न्हाले. प्रत्यक्षात माल आधी बनवायचा, शेकडो दुकानांत पोहोचवायचा, नमुने आणि मांडणीचा खर्च बहुधा स्वतःच सोसायचा, आणि पैसे ६० किंवा ९० दिवसांनी हाती येणार. खोक्यावरचे लेबल चुकीच्या जागी लागले तरी बिलातून दंड कापला जातो, आणि न खपलेला माल परत येतो तो वेगळाच. ज्याच्या घराण्यात गहाण ठेवण्याजोगे घर आहे, तो हे तीन महिने काढतो. कृष्णवर्णीय कुटुंबांकडे असे घर कमी का असते, याचे उत्तर १९३० च्या दशकातील सरकारी नकाशांत सापडते. त्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवून तिथे कर्ज देणे धोक्याचे ठरवले गेले होते.

गडद त्वचेसाठी प्रसाधने बनवणारा ‘अमी कोले’ हा ब्रँड २०२१ मध्ये सुरू झाला, वाखाणला गेला, सेफोराच्या शेकडो दुकानांत पोहोचला, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच्या संस्थापिकेने तो बंद करत असल्याचे जाहीर केले. जागा मिळूनही असे होते. म्हणून मला वाटते, ज्या कंपनीला खरोखर मदत करायची आहे तिने पन्नास दुकानांपासून सुरुवात करावी, ऑर्डरबरोबर काही रक्कम आगाऊ द्यावी, उरलेले पैसे पंधरा दिवसांत चुकते करावेत आणि पहिली दोन वर्षे माल परत पाठवू नये. याला जाहिरात लागत नाही, निवेदन तर नाहीच.

रोखठोक:

धागाकर्तीचा व्यवहारज्ञानाचा भाग मान्य आहे, पण तिथून निघालेला निष्कर्ष मान्य नाही. दुकानाने दुकान चालवावे. भागधारकांच्या पैशाने समाजाचे कर्ज फेडण्याचा अधिकार व्यवस्थापनाला कोणी दिला, हा प्रश्न २०२० च्या उन्हाळ्यात विचारणे अवघड होते, म्हणून तो कोणी विचारला नाही. आणि जी वचने भावनेच्या भरात दिली गेली, ती वारा फिरताच गुंडाळली गेली. वॉलमार्टने २०२० मध्ये पाच वर्षांत दहा कोटी डॉलर देण्याच्या वचनासह वांशिक समतेसाठी केंद्र काढले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुढे चालू ठेवणार नसल्याचे सांगितले. टार्गेटने जानेवारी २०२५ मध्ये विविधता आणि समावेशाची आपली उद्दिष्टे संपुष्टात आणली. अशा मित्रापेक्षा पहिल्या दिवसापासून ‘आम्ही फक्त माल विकतो’ म्हणणारा दुकानदार मला अधिक प्रामाणिक वाटतो.

दुसरी अडचण कायद्याची आहे. अटलांटाचा फिअरलेस फंड कृष्णवर्णीय महिलांच्या व्यवसायांना वीस हजार डॉलरचे अनुदान देत असे. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ते रोखले आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती योजना बंद झाली. आधार कोणता, तर करारात वंशावरून भेदभाव नको असे सांगणारा १८६६ चा नागरी हक्क कायदा, जो गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांसाठीच केला गेला होता. उपरोध मलाही कळतो. पण वंश पाहून पंधरा दिवसांत पैसे देणारी कंपनी उद्या त्याच कलमाखाली न्यायालयात उभी राहील, त्याचे काय?

शिकागोकर:

आपण दोघेही पुरवठादारांविषयी बोलत आहात. एखाद्या शहरात असे पुरवठादार किती असतील? त्याहून कितीतरी अधिक कृष्णवर्णीय माणसे त्या दुकानांची गिऱ्हाइके आहेत आणि गल्ल्यावर उभी आहेत, त्यांचा उल्लेखही इथे आलेला नाही.

आमच्या शहराच्या दक्षिण भागात एंगलवुड नावाची वस्ती आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये तिथे होल फूड्स या किराणा साखळीचे दुकान उघडले तेव्हा मोठा समारंभ झाला. शहराच्या तिजोरीतून त्या प्रकल्पाला एक कोटीहून अधिक डॉलरचे साहाय्य मिळाले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद झाले. त्यानंतर पाच महिन्यांनी वॉलमार्टने शिकागोतील आठपैकी चार दुकाने बंद केली, त्यात चॅटम या कृष्णवर्णीय वस्तीतलेही होते. दुकान गेले की भाजी जाते आणि दुकानातील औषधालयही जाते, आणि मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसाला दोन बस बदलून इन्सुलिन आणायला जावे लागते.

न्यूयॉर्क राज्यातील बफेलोचे उदाहरण तर विसरताच येत नाही. जेफरसन अव्हेन्यूवरचे टॉप्स हे दुकान तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यावर २००३ मध्ये उघडले. त्या भागात दुसरे मोठे किराणा दुकान नव्हते, आणि म्हणूनच १४ मे २०२२ रोजी वर्णद्वेषाने पेटलेल्या बंदूकधाऱ्याला ठार मारायला दहा कृष्णवर्णीय माणसे एकाच ठिकाणी सापडली. कंपनीने दोन महिन्यांत ते दुकान पुन्हा उघडले. त्याच जागी उघडावे का यावर तिथल्या लोकांतही दुमत होते, पण दुकान राहिले.

आणि दुकानाच्या आतील वागणूक? जून २०२० पर्यंत वॉलमार्टच्या काही दुकानांत कृष्णवर्णीयांच्या केसांची प्रसाधने कुलूपबंद कपाटात असत आणि शेजारचे इतर शाम्पू उघड्यावर. ते कुलूप काढायला एक पैसाही लागत नव्हता.

जास्वंद:

कुलूप निघाले, कारण लोक ओरडले. रोखठोक यांच्या ‘दुकानाने दुकान चालवावे’ या म्हणण्याला इतिहासात उत्तर आहे. १९३० च्या दशकात शिकागो, हार्लेम आणि वॉशिंग्टनमध्ये ‘जिथे काम मिळत नाही, तिथे खरेदी करू नका’ अशी मोहीम चालली आणि १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानासमोर अशी निदर्शने करण्याचा हक्क मान्य केला. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या वूलवर्थमध्ये चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या बाकावर बसले आणि जुलै संपण्याआधी तो बाक सर्वांसाठी खुला झाला. ते दुकानही ‘फक्त माल विकत’ होते.

टार्गेटच्या बाबतीतही तेच झाले. मार्च २०२५ मध्ये अटलांटाजवळच्या एका मोठ्या चर्चचे पाद्री जमाल ब्रायंट यांनी ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाला जोडून टार्गेटमधील चाळीस दिवसांची खरेदीबंदी सुरू केली. मिनियापोलिसच्या कार्यकर्त्यांनी बहिष्कार त्याआधीच पुकारला होता. त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत कंपनीची तुलनात्मक विक्री (म्हणजे आधीपासून चालू असलेल्या दुकानांची आणि ऑनलाइन विक्री) ३.८ टक्क्यांनी घटली आणि आयात शुल्काच्या भीतीबरोबरच जानेवारीच्या निर्णयावरील नाराजी हेही एक कारण असल्याचे कंपनीने स्वतः सांगितले. अर्थात सुक्याबरोबर ओलेही जळते. टॅबिथा ब्राउन यांच्यासारख्या उद्योजिकांनी तेव्हाच विनवले होते की, आमचाही माल त्याच फळ्यांवर आहे.

पायवाट यांच्याशी माझा मतभेद एकाच ठिकाणी आहे. गाजावाजा न करता केलेली मदत गाजावाजा न करता थांबवताही येते. दोन अब्जांचा आकडा जाहीर होता, म्हणून तर ब्रायंट यांना ‘तो पूर्ण करा’ म्हणता आले.

पायवाट:

जास्वंद, तुमचा मुद्दा मला पटला आणि मी माझे शेवटचे वाक्य मागे घेते. निवेदन नको, पण आकडा हवा. पुरवठादारांना सरासरी किती दिवसांत पैसे दिले, हे प्रत्येक साखळीने दरवर्षी छापावे.

रोखठोक यांच्या कायद्याच्या मुद्द्यावर तोडगा आहे. ही सवलत वंशावर न ठेवता उलाढालीच्या मर्यादेवर ठेवावी. मग तिचा लाभ एखाद्या गोऱ्या शेतकऱ्यालाही होईल, आणि होऊ द्यावा. भागधारकांविषयी म्हणाल, तर कॉस्टकोच्या भागधारकांपुढे जानेवारी २०२५ मध्ये विविधता वाढवणारे कंपनीचे कार्यक्रम धोक्याचे आहेत का हे तपासण्याचा प्रस्ताव आला होता आणि ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी तो फेटाळला गेला. शिकागोकर, दुकानाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तोट्यातील दुकान किती वर्षे चालवावे, हे खरेदी विभागातला माणूस सांगू शकत नाही.

अनुस्वार:

या धाग्यावर ‘आपल्याला काय त्याचे’ असे अजून कोणी म्हटले नाही, हे पाहून बरे वाटले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. दीडशे वर्षांनी आपल्याकडे २०२० च्या या वादाचा परिणाम काय झाला, तर जुलै २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. मात्र आपल्याकडे एक नियम आहे, ज्याची इथे नोंद घ्यावी: केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून चार टक्के खरेदी करण्याचे लक्ष्य ठरलेले आहे. ते सरकारी खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना लागू आहे, खासगी दुकानसाखळ्यांना नाही.

रोखठोक:

उलाढालीची मर्यादा मला चालेल. पण धागाकर्तीला एक सरळ प्रश्न विचारतो. तुम्ही स्वतः खरेदी विभागात होतात, तेव्हा हा प्रस्ताव तुमच्या कंपनीत मांडला होता का?

पायवाट:

मांडला होता, २०२१ मध्ये. पंधरा दिवस मागितले होते. वित्त विभागाने साठाचे पंचेचाळीस केले, तेही दोन तिमाहींपुरते, आणि तिसऱ्या तिमाहीत ते पुन्हा साठ झाल्याचे मला एका पुरवठादाराच्या फोनवरून कळले.