स्मार्टवॉचवर ‘मेड इन इंडिया’ छापलं, पण जोखीम कमी झाली का?

सोल्डरपेस्ट (धागाकर्ता)

२०२२ च्या अर्थसंकल्पानंतर मनगटी उपकरणांसाठी टप्प्याटप्प्याचा उत्पादन कार्यक्रम आला. तयार घड्याळ आणलं तर २० टक्के सीमाशुल्क, सुटे भाग आणले तर सुरुवातीला सवलत, मग चढता दर. परिणाम दिसला, तो नाकारायचं कारण नाही. बोटने डिक्सनबरोबर भागीदारी केली, नॉइज ऑप्टिमसकडून माल बनवून घेऊ लागली; डिक्सन आणि ऑप्टिमस या दुसऱ्यांसाठी माल बनवणाऱ्या भारतीय कंपन्या. चीनमधल्या शेन्झेनहून डब्यात बंद होऊन येणारं दोन-अडीच हजारांचं घड्याळ नोएडात जुळू लागलं.

माझं म्हणणं एवढंच की जुळणी हलली, जोखीम होती तिथेच आहे. घड्याळाची पाठ उघडून बघा. मुख्य बोर्डावरची ब्लूटूथ चिप तैवानच्या रिअलटेकची नाहीतर चीनमधल्या झुहाईच्या जिएलीची. पडद्याचं पॅनेल चीनच्याच बीओई किंवा शांघायच्या एव्हरडिस्प्ले कंपनीचं. बॅटरीचा सेल बहुतेक वेळा ग्वांगडोंगचा, म्हणजे शेन्झेन ज्या प्रांतात आहे तिथला. कंपनाची मोटर, पाठीवरची हृदयठोक्यांची सेन्सर-पट्टी, चार्जिंगचे पिन आणि चुंबक, बहुतेक सगळं त्याच प्रांतातलं. आपल्याकडे होतं ते असं: बोर्ड बसवणं, सेल दुहेरी टेपने चिकटवणं, पॅनेलची पट्टी कनेक्टरमध्ये दाबणं, कडेने गोंद सोडणं, फर्मवेअर (घड्याळ चालवणारा आतला प्रोग्राम) भरणं, ब्लूटूथची ताकद मोजणं, हवेच्या दाबाने गळती तपासणं, पॅकिंग. मार्च २०२२ मध्ये शेन्झेन आठवडाभर बंद होतं. तसं पुन्हा झालं तर नोएडाची लाइन हातातला साठा संपेपर्यंतच चालेल.

घाऊक_आयात

मुद्द्यातली माहिती बरोबर, निष्कर्ष चुकीचा. जुळणी इथे नव्हती तेव्हा तुमच्याकडे काय होतं? तयार माल. त्यात एक भाग कमी पडला तरी अख्खं घड्याळ अडायचं, आणि अडलंय कशामुळे हेसुद्धा कळायचं नाही. आज भागांची यादी तुमच्या हातात आहे, प्रत्येक भागाचा पुरवठादार माहीत आहे. पट्टा, चार्जिंग केबल, खोका, माहितीपत्रक, प्लास्टिकचा साचा हे इथे घेता येतं आणि घेतलं जातंय. मार्च २०२५ मध्ये केंद्राने २२,९१९ कोटींची सुट्या भागांची योजना मंजूर केली. तीत डिस्प्ले मॉड्यूल, लिथियम-आयन सेल, लवचिक पीसीबी (वाकणारी सर्किट-पट्टी), बाह्य कवच हे सगळं आहे. जुळणीचे कारखाने नसते तर हे भाग विकायचे कोणाला? आधी गिऱ्हाईक उभं राहतं, मग पुरवठादार येतो. मोबाइल फोनच्या बाबतीतही हाच क्रम होता.

आणि एक गोष्ट दर चर्चेत घुसडली जाते ती आताच बाजूला ठेवू. लाल समुद्रात जहाजांवर झालेल्या हल्ल्यांच्या अडचणीचा चीनहून न्हावाशेव्याला येणाऱ्या मालाशी थेट संबंध नाही. ती वाट मलाक्काच्या सामुद्रधुनीची आहे.

सोल्डरपेस्ट

पट्टा आणि खोका इथे मिळाल्याने लाइन चालू राहत नाही, लाइन थांबते ती पॅनेलवर. १.४३ इंची गोल अॅमोलेड घ्या, ४६६ बाय ४६६ पिक्सेलचं. एका कंपनीचं पॅनेल बंद झालं म्हणून त्याच मापाचं दुसरं आणलं, तर काय काय बिघडतं?

पहिलं, मागून निघणाऱ्या पट्टीची लांबी आणि पिनांचा क्रम. तो जुळला नाही तर बोर्डच बदला. दुसरं, ड्रायव्हर चिप, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारी चिप. चालू होताना तिला पाठवायच्या आज्ञांची मालिका वेगळी असते. काही पॅनेलांना चित्र ६ पिक्सेल सरकवून पाठवावं लागतं, नाहीतर डाव्या कडेला पट्टा उमटतो आणि उजवीकडचं कापलं जातं. काही ड्रायव्हरांना चित्राचा तुकडा सम क्रमांकाच्या रकान्यापासूनच सुरू झालेला लागतो. विषमपासून पाठवलात तर फक्त सेकंदकाटा हलतो तेवढ्याच भागात चित्र तिरकं होतं, बाकी पडदा ठीक. लाइनवरच्या चाचणीत पूर्ण पडदा एकदम रंगवतात, त्यामुळे हा दोष तिथे सापडत नाही. तो ग्राहकाच्या हातात सापडतो.

हे सुधारायला फर्मवेअरचा मूळ कोड लागतो. स्वस्त घड्याळांत तो शेन्झेनच्या डिझाइन कंपनीकडे असतो, ब्रँडकडे फक्त तयार फाइल. भागांची यादी हातात असली तरी कुलूप-किल्ली तिकडेच.

विद्युतघट

दोघेही सेलवर थोडंच बोललात, म्हणून लिहिते. पुरवठा अडेल तेव्हासाठी “साठा करून ठेवा” असं नेहमी सांगितलं जातं. तो सल्ला चिपला चालतो, सेलला नाही.

३०० एमएएचचा सेल ३० टक्के भरून बसवला, म्हणजे आत ९० एमएएच. घड्याळ बंद दिसत असलं तरी बोर्ड २० मायक्रोअँपिअर ओढत असेल, तर १८० दिवसांत ०.०२ × २४ × १८० = सुमारे ८६ एमएएच गेले. वर सेलची स्वतःची गळती. सहा महिन्यांनी डबा उघडणाऱ्याला मेलेलं घड्याळ मिळतं, आणि व्होल्टेज फार खाली गेलं असेल तर ते चार्जही घेत नाही. दिवाळीसाठी जास्त माल भरला आणि तो उरला, की उन्हाळ्यातल्या परताव्यात हेच दिसतं.

दुसरी गोष्ट, सेल एकटा प्रवास करतो तेव्हा नियम कडक होतात. धोकादायक मालाला वाहतुकीसाठी यूएन क्रमांक असतात; घड्याळात बसवलेला सेल यूएन ३४८१ खाली येतो. सुटा सेल यूएन ३४८०, तो प्रवासी विमानात चालतच नाही, मालवाहू विमानातही ३० टक्क्यांच्या वर भरलेला चालत नाही. म्हणजे जुळणी इथे आणली आणि त्याबरोबर सर्वांत नाजूक भागाची वाट अरुंद केली. समुद्रमार्गे येतो, पण मग आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांतही तो हळूहळू उतरत असतो.

घाऊक_आयात

विद्युतघट, हिशोब बरोबर आहे, पण तो निकृष्ट बोर्डाचा आहे. ‘शिप मोड’ असलेली चार्जर चिप घ्या. ती सेल आणि बोर्ड यांच्यातला रस्ताच तोडते आणि पहिल्यांदा चार्जिंगला लावल्यावर जोडते. ओढ १ मायक्रोअँपिअर धरली तर त्याच १८० दिवसांत साडेचार एमएएचच्याही आत. हे करारात लिहून घ्यायचं, आणि आलेल्या प्रत्येक खेपेतली २० घड्याळं मीटरवर मोजायची. जोखीम अशी एकेक करून कमी होते.

खरी अडचण कागदांची आहे. सेलला आयएस १६०४६ हे भारतीय मानक, घड्याळाला वेगळं, आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी कारखान्यागणिक. ऐनवेळी दुसऱ्या कारखान्याचा सेल घ्यायचा, तर त्याची नोंदणी आधीच झालेली असायला हवी. म्हणून पहिल्याच चाचणीच्या वेळी दोन सेल-पुरवठादार यादीत घाला. खर्च थोडा वाढतो, पण माल अडत नाही.

ध्रुवतारा

तुम्ही तिघेही ‘चीन की भारत’ यावरच भांडताय. आधी कुठे काय अडलं ते बघा.

ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओकात आसाही कासेईच्या चिप-कारखान्याला आग लागली. तापमान बदललं तरी ठोका न चुकणाऱ्या ऑसिलेटरमधली चिप तिथे बनायची. उपग्रहाचा संकेत पकडायला तो ऑसिलेटर लागतो. धान्याच्या दाण्याएवढा भाग, पण त्याच्यावाचून जीपीएस मॉड्यूल तयार होईनात. त्यात चीनचा काही संबंध नव्हता.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत अॅपल वॉच सिरीज ९ आणि अल्ट्रा २ ची आयात थांबली, मासिमो या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीच्या रक्त-ऑक्सिजन मोजण्याच्या पेटंटमुळे. माल तयार होता, कारखाने चालू होते, चीनबरोबर व्हिएतनाममध्येही जुळणी होत होती. जानेवारीत ती सोय बंद करूनच घड्याळं विकावी लागली.

उलट, एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात दुर्मिळ धातूंवर निर्यात-परवाना लावला, तेव्हा घड्याळंही अडणार अशी हाकाटी झाली. कंपनाच्या मोटरीतला आणि चार्जिंगचा चुंबक सहसा साधा निओडिमियमचा, त्याला डिस्प्रोसियम लागत नाही. ते लागतं तापणाऱ्या मोटरींना. चुंबकात काय आहे याचा कागद जोडलेला असला, की या भागावर तो नियम येत नाही.

देश बदलण्याआधी प्रत्येक भागासमोर तीन रकाने भरा: बनवणारे किती, बदलायला किती आठवडे, बदलल्यावर फर्मवेअरला हात लावावा लागतो का.

सोल्डरपेस्ट

रकाने मान्य, ध्रुवतारा. ते भरले की तिसऱ्यात तीनदा ‘हो’ येतं: पॅनेल, सेन्सर, ब्लूटूथ चिप. तिन्ही चीन-तैवानच्या टापूत, आणि ते बदलू शकणारा कोड शेन्झेनात. देशाचा प्रश्न उरतो तो इथे.

गार्मिन या अमेरिकी घड्याळ-कंपनीकडे बघा. बहुतेक माल तैवानात स्वतःच्या कारखान्यांत, फर्मवेअर स्वतःचं. तैवानचा धोका आहेच, पण भाग बदलायचा ठरला तर कोणाला विचारावं लागत नाही.

आणि गुजरातेतल्या धोलेऱ्याच्या चिप-कारखान्याचा दाखला येण्याआधीच सांगतो. चिपवरच्या आखणीची २८ नॅनोमीटर किंवा त्याहून जाड रेषा घड्याळाच्या चिपला पुरते, पण रेडिओ आणि फ्लॅश मेमरी एकाच चिपवर घेणारी प्रक्रिया पक्की व्हायला आणि चिप-कंपनीने आपलं डिझाइन तिथे वळवायला वर्षं जातील. सुट्या भागांच्या योजनेचे पैसे आधी लवचिक पीसीबी आणि डिस्प्ले मॉड्यूलवर लावा.

घाऊक_आयात

डिस्प्ले मॉड्यूल इथे जोडलं तरी आतली काच बीओई किंवा एव्हरडिस्प्लेचीच राहील; पॅनेल त्यांचं, हे तुम्हीच वर लिहिलंय. मग पहिला पैसा मॉड्यूलवर का? माझ्या मते तो कोडवर लावावा. पुढच्या ऑर्डरमध्ये एक कलम घाला: मूळ कोड आणि फर्मवेअरवर सही करायची किल्ली तिसऱ्या पक्षाकडे ठेवायची, डिझाइन कंपनीने ९० दिवस माल किंवा दुरुस्ती दिली नाही तर ती ब्रँडला मिळेल. ५० हजार नगांची ऑर्डर असेल तर हे मागता येतं. ५ हजारांच्या ऑर्डरला नकार येईल.

विद्युतघट

किल्ली ठेवताना कोड कुठल्या कंपायलरवर (कोडची तयार फाइल बनवणाऱ्या साधनावर), त्याच्या कुठल्या आवृत्तीत चालतो तेही लिहून घ्या, आणि ठेवण्याआधी एकदा इथे बांधून घड्याळात भरून बघा. चिप-कंपनीची लायब्ररी (तिने दिलेला तयार कोड) त्यात नसेल तर तो कोड बांधताच येत नाही.