मदत हवी आहे : मंडळाच्या वर्गणीचा हिशेब जुळत नाही, यंदा काय बदलावं?

नवा खजिनदार
नमस्कार. आमचं गणेशोत्सव तरुण मंडळ नोंदणीकृत नाही. गेल्या वर्षी शंभर पावत्यांची पाच पुस्तकं छापली, एक परत आलंच नाही. निम्मी वर्गणी तीन कार्यकर्त्यांच्या फोनवर यूपीआयने आली. हातात असलेल्या चार पुस्तकांची बेरीज १,४२,३५० आणि प्रत्यक्ष जमा १,३६,८००, म्हणजे ५,५५० चा फरक. यंदा परवानगी कुठून घ्यायची? क्यूआर कुणाच्या नावाचा ठेवायचा? आणि पोरं लकी ड्रॉची कुपनं काढायची म्हणताहेत, ते चालेल का?

रोजकीर्द
पावतीपुस्तकं छापायला टाकण्याआधी परवानगी घ्या. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. सदस्यांच्या सह्यांचा ठराव, ओळखपत्रं, नगरसेवक किंवा सरपंचांचं शिफारसपत्र, मागचा परवाना असल्यास त्याची प्रत आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च बिलांसह तयार ठेवा. अर्ज अडतो तो बहुतेक या शेवटच्या कागदावर. ठरावावर, पावतीवर आणि अर्जावर मंडळाचं नाव अक्षरशः एकच हवं. एका ठिकाणी 'तरुण मंडळ' आणि दुसरीकडे 'मित्र मंडळ' असं नको. परवान्याचा क्रमांक पावतीवर छापा.

लकी ड्रॉ नको. पैसे घेऊन सोडतीची कुपनं विकणं ही विनापरवाना लॉटरी ठरते, भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ लागू शकतं. त्यापेक्षा स्मरणिकेच्या जाहिराती घ्या. त्यांची नोंद वर्गणीत मिसळू नका. दुकानदाराला जाहिरातीचं वेगळं बिल हवं असतं.

स्थळप्रत
फरक पडण्याची कारणं बहुतेक ठिकाणी तीच असतात. पावती आधी फाडली आणि पैसे 'संध्याकाळी देतो' म्हणून राहिले. फोनवर आलेली रक्कम हिशेबात धरायची राहून गेली. आणि सगळ्यात जास्त नडतं ते म्हणजे गोळा केलेल्या रोखीतून परस्पर टेम्पोभाडं, दोरी, चहा भागवणं. नियम एकच करा : रोख आधी पूर्ण जमा, मग व्हाउचर (खर्चाची चिठ्ठी) करून खर्च. बिल नसेल तिथे व्हाउचरवर घेणाऱ्याची सही घ्या, ५,००० च्या वर रक्कम असेल तर १ रुपयाचं महसुली तिकीट लावून.

पुस्तकं कार्बनची घ्या. अर्धी पावती फाडून द्यायची पुस्तकं नकोत, त्यात स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे राहणारी प्रत, नंतर भरली जाते. पावतीवर रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही, रोख की यूपीआय, आणि यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक. अक्षरी रक्कम नसली की ५०० च्या मागे १ लागायला वेळ लागत नाही. चुकलेली पावती फाडून टाकू नका. दोन्ही प्रती जागच्या जागी ठेवून आडवं 'रद्द' लिहा.

रोज रात्री दोघांनी मोजणी करून वहीत असं उतरवा :

पावती क्र. २०१ ते २३६, रद्द २१९
५०० × १४ = ७,०००
२०० × ६ = १,२००
१०० × २३ = २,३००
रोख १०,५००, यूपीआय वेगळं
दोघांच्या सह्या

दुसऱ्या दिवशी रोख बँकेत. आठवड्याने मोजायला बसलात तर फरक सापडत नाही, नुसते वाद होतात.

रोजकीर्द
क्यूआर कुणाच्याही वैयक्तिक खात्याचा नको, मग तो माणूस कितीही विश्वासाचा असो. मंडळाच्या नावाने पॅन आणि बँक खातं काढा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी कुठल्याही दोघांच्या सहीने चालणारं. बँकेकडून त्या खात्याचा व्यापारी क्यूआर घ्या. त्यावर पैसे येतात, पण दोन सह्यांशिवाय बाहेर जात नाहीत. मंडपाच्या विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणीही मंडळाच्याच नावाने घ्या, म्हणजे अनामत परत येताना याच खात्यात येते. दरवर्षी बरीच मंडळं ती मागायलाच विसरतात. आणि पावतीवर '८०जी सवलत' (देणगीदाराची आयकर सवलत) छापू नका, तात्पुरत्या परवानगीने ती मिळत नाही.

नवा खजिनदार
फार उपयोग झाला, मनापासून धन्यवाद. ते हरवलेलं पुस्तक मात्र कुठे दाखवायचं? तो गल्ला बेरजेत आलेलाच नाही.

स्थळप्रत
लपवू नका. ते पुस्तक कोणत्या गल्लीत फिरलं ते विचारा आणि घरोघरी असलेल्या पावत्यांचे फोटो घ्या. मिळालेल्या क्रमांकांची यादी करा, रक्कम लिहा, उरलेले क्रमांक 'स्थळप्रत उपलब्ध नाही' म्हणून ठरावात नोंदवा. ज्याच्याकडे पुस्तक होतं त्याच्याकडून यादीतल्या रकमेचा हिशेब लेखी घ्या. यंदा पुस्तक देताना-घेताना सही असलेली नोंदवही ठेवा आणि जुनं जमा झाल्याशिवाय नवं देऊ नका.