आदामाच्या पापाचा दोष नवजात बाळाला कसा लागतो?

जिज्ञासू_नाशिक:
मी ख्रिस्ती नाही. धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासापुरते बायबल वाचतो आहे. उत्पत्ती या त्यातल्या पहिल्या पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा ही पहिली माणसे मना केलेले फळ खातात आणि एदेन बागेतून घालवले जातात, इथवर समजले. परंतु त्यामुळे सारी मनुष्यजात जन्मतःच पापी ठरते, हे काही केल्या पटत नाही. कर्मसिद्धान्तात निदान करील तो भरील असा हिशेब असतो. इथे करणारे दोघे आणि भरणारे सगळे. शिवाय एक फळ खाण्यात एवढे भयंकर काय होते? काही जण या कथेला लैंगिकतेचे रूपक मानतात, त्यात तथ्य आहे का?

वसईकर:
रूपकाची शंका आधी घेतो, कारण ती लवकर निकालात निघते. ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ हा आशीर्वाद देवाने पहिल्याच अध्यायात दिलेला आहे. तेव्हा देहसंबंध हेच पाप असणे शक्य नाही. फळ कोणते होते हेही ग्रंथ सांगत नाही. सफरचंद ही पाश्चात्त्य परंपरेची भर आहे. तालमूद या यहुदी ग्रंथातले रब्बी, म्हणजे धर्मपंडित, द्राक्ष, अंजीर आणि चक्क गहू अशी मते मांडतात.

खरी मेख हव्वेला फूस लावणाऱ्या सर्पाच्या पहिल्या वाक्यात आहे. बागेतले एकच झाड, बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचे, वर्ज्य होते, पण तो विचारतो की, कोणत्याच झाडाचे फळ खाऊ नका असे देवाने सांगितले आहे काय? हव्वा त्याला दुरुस्त करते खरी, पण ‘स्पर्शही करायचा नाही’ अशी मूळ आज्ञेत नसलेली भर घालते. देव आपल्यापासून काहीतरी राखून ठेवतो आहे, हा संशय एकदा मनात शिरल्यावर फळ तोडणे ही केवळ पुढची पायरी उरते. बरे काय आणि वाईट काय हे आता मीच ठरवीन, हा पवित्रा म्हणजे ते पाप. त्याचा परिणामही लगेच दिसतो: जाब विचारताच आदाम म्हणतो की, तू मला दिलेल्या स्त्रीने ते फळ दिले. एकाच वाक्यात बायकोवरही ठपका आणि देवावरही!

ग्रंथवाचक:
वारशाचा प्रश्न राहिलाच. उत्पत्तीच्या त्या अध्यायात ‘पाप’ हा शब्दच येत नाही. तो पुढे आदामाचा मुलगा काइन याच्या कथेत येतो. आदामाचा संबंध साऱ्या मानवजातीच्या पापाशी आणि मरणाशी जोडला तो ख्रिस्ताचा आद्य प्रचारक संत पौल याने, बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात. माणूस स्वतःच्या इच्छाबळावर निर्दोष राहू शकतो, असे मानणाऱ्या पेलागियसाशी वाद घालताना संत ऑगस्टीनने पौलाच्या त्या लेखनावरून दोषही वारशाने येतो असा ‘मूळ पापा’चा सिद्धान्त उभारला, आणि बाप्तिस्म्याविना, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या जलविधीविना, मेलेल्या अर्भकांनाही, सौम्य का होईना, दंड आहे असे म्हटले. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसाची शिकवण नाकारली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र सामान्यतः असे मानतात की, आदामापासून मरण आणि दुबळेपणा येतो, अपराध नव्हे. यहुदी धर्मात तर असा सिद्धान्त मुख्य प्रवाहात रुजलाच नाही. तेव्हा ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ असे सरसकट विधान करणे धोक्याचे आहे.

जिज्ञासू_नाशिक:
मग कॅथलिक चर्चची आजची भूमिका काय आहे? आणि बाळाने काही केलेच नसेल, तर त्याला बाप्तिस्मा कशासाठी?

वसईकर:
1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की, मूळ पापाला ‘पाप’ म्हणायचे ते केवळ सादृश्याने. ती अवस्था आहे, कृती नव्हे, आणि आदामाच्या वंशजांत ते वैयक्तिक अपराध म्हणून नसते. आजोबांनी घर गहाण टाकले तर नातू गुन्हेगार ठरत नाही, पण त्याचा जन्म त्या घराबाहेरच होतो, असे समजा. देवाशी असलेली मूळची जवळीक गमावलेल्या कुळात आपण जन्मतो. बाप्तिस्मा हा म्हणूनच ख्रिस्ताच्या जीवनाशी जोडला जाण्याचा विधी आहे. पौलाने आदामाचे नाव काढले तेही ख्रिस्ताचे कार्य सांगण्यासाठीच. ईस्टरच्या जागरणविधीतील स्तोत्र तर आदामाच्या अपराधाला ‘धन्य’ म्हणते, कारण त्यापायी असा तारणारा लाभला. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना चर्च देवाच्या दयेवर सोपवते. त्यांच्या तारणाची आशा बाळगायला आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने 2007 मध्ये मांडले.

प्रोटेस्टंट_वाचक:
गहाण घराचा दृष्टान्त मला अपुरा वाटतो, कारण त्यात नातू निव्वळ बिचारा ठरतो. 1530 च्या ऑग्सबुर्ग कबुलीजबाबाने, म्हणजे लुथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याने, हा जन्मजात विकार ‘खरोखर पाप’ असल्याचे म्हटले आहे. माणूस केवळ काही गमावून जन्मत नाही. त्याचा कलच देवापासून दूर असतो, आणि संधी मिळताच तो आदामाचीच निवड स्वखुशीने करतो. करणारा एक आणि भरणारे सगळे, या आक्षेपाला माझे उत्तर हेच आहे की, करणारेही सगळेच आहेत.