बास गिटारसाठी हलकं हेड (स्पीकर नसलेला ॲम्प): २०० वॅट पुरेल की ५०० घ्यावं?

पाचतारी

दोन गिटार, ड्रम, गायक आणि पाच तारांचा बास असा संच आहे. कॅबिनेट (स्पीकरची पेटी, म्हणजेच कॅब) १२ इंची एका स्पीकरचं, ८ ओहमचं (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा). कार्यक्रम पुण्या-मुंबईतल्या लहान हॉलमध्ये, गणपतीत उघड्या मंडपात. हेड पाठीवरच्या सॅकमधून लोकलने न्यायचं, म्हणून वजन दोन किलोच्या आत हवं. ट्रेस इलियट एल्फ, वॉरविक नोम (दोन्ही २०० वॅटची) आणि ॲग्विलर टोन हॅमर ५०० (५०० वॅटचं) ही तीन डोक्यात आहेत. २०० आणि ५०० वॅटमधला फरक खरंच ऐकू येतो का? अमेरिकेहून नातेवाईक येणार आहेत, त्यांच्याकडून मागवलं तर चालेल का?

खर्जवाला

आधी आकडे नीट लावू. डब्यावर छापलेले वॅट ४ ओहमच्या कॅबवर मिळणारे असतात आणि तुमचं कॅब ८ ओहमचं आहे. त्यावर एल्फ १३० वॅट देतं, टोन हॅमर २५०. म्हणजे फरक जेमतेम ३ डेसिबल. वॅट दुप्पट केले की एवढंच मिळतं: ऐकू येतं, पण 'दुप्पट मोठा' आवाज नाही. तसा भास व्हायला साधारण दहापट वॅट लागतात.

आता कॅबची संवेदनशीलता बघा, मागच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात एक वॅट, एक मीटरला दिलेली असते. ९४ ऐवजी ९७ डेसिबलचं कॅब घेतलंत, तर वॅट दुप्पट केल्याइतकाच फायदा होतो, आणि हेडला हातही लावावा लागत नाही. म्हणून मी हेडच्या आधी कॅबवर पैसे घालायला सांगेन.

तरीही तुमच्यासाठी माझं मत टोन हॅमरकडे झुकतं, आणि त्याचं कारण पाचवी तार. या सगळ्यात खालच्या बी तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ३१, तिच्या वरच्या ई तारेची ४१. हेडवरचं बासचं (खालच्या सुरांचं) बटण ६ डेसिबल वर नेलं की त्या सुरांत चौपट ताकद मागितली जाते. १३० वॅटच्या हेडकडे ती शिल्लक नसते. ड्रमरने जोर धरला आणि तुम्ही बी जोरात छेडलीत, की लाल दिवा लुकलुकतो आणि सूर गोल न राहता 'फट्' असा चपटा येतो. तेव्हा बासचं बटण खाली आणा आणि २५० ते ५०० हर्ट्झचा मध्य थोडा वाढवा. ड्रम आणि गिटारांच्या गर्दीत बास तिथेच सापडतो.

लहान हॉलमध्ये हॉलची साउंड सिस्टिम बास घेणार असेल तर २०० वॅटवालं पुरे. तिथे हेड फक्त तुमच्या कानासाठी असतं.

तीनपिन

अमेरिकेहून आणायच्या बाबतीत. हेडच्या मागची छापील पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. '१००–२४० व्होल्ट' असेल तर वायर बदलून बिनधास्त लावा. ११५/२३० चा सरकता खटका असेल तर तो वायर लावण्यापूर्वी २३० वर न्या. फक्त '१२० व्होल्ट' लिहिलं असेल तर नको. ते थेट आपल्या २३० वर लावलं तर आतला वीजपुरवठा एका क्षणात जातो, आणि त्यासाठी ट्रान्सफॉर्मर वाहायचा तर हलक्या हेडचा अर्थच काय राहिला?

मंडपात जनरेटर आणि लांबलचक एक्स्टेन्शन असतं. प्रकाशाचे दिवे आणि साउंड एकाच फेजवर असले की व्होल्टेज १८० च्या आसपास घसरू शकतं. १००–२४० वालं हेड ते सोसतं, फक्त २३० चं हेड मध्येच बंद पडू शकतं. गुणगुण येते म्हणून अर्थिंगची पिन कापू नका. हेडच्या डीआयवरचं (मिक्सरला सिग्नल देणारं आउटपुट) 'ग्राउंड लिफ्ट' दाबा, गुणगुण बहुतेक वेळा तिथेच थांबते. पिन कापलीत तर एक हात तारांवर आणि ओठ माइकला, हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

पाचतारी

धन्यवाद! पट्टीचा फोटो मागवतो. जोडीला एक ४ ओहमचं जुनं कॅब स्वस्तात मिळतंय. दोन्ही एकदम लावू का?

खर्जवाला

नको. ८ आणि ४ समांतर जोडले की २.६७ ओहम होतात. बहुतेक हलकी हेड्स किमान ४ ओहमसाठी बांधलेली असतात. गरम होऊन मध्येच बंद पडेल, नाहीतर आउटपुटची बाजू जाईल. शिवाय ताकदीची वाटणी असमान होते: ४ ओहमवालं दुप्पट खातं. जोडायचंच तर ८ ओहमचं दुसरं घ्या. दोन मिळून बरोबर ४ होतात, हेडची पूर्ण ताकद मिळते, हवा ढकलणारे स्पीकरही दोन होतात, आणि खालच्या सुरांत ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळू शकते.

जुन्या कॅबवरच्या लेबलवर विसंबू नका, कोणीतरी स्पीकर बदललेला असतो. केबल कॅबला लावा आणि मल्टिमीटरने दुसऱ्या टोकाला मोजा. ८ ओहमचं कॅब साडेपाच ते साडेसहा दाखवतं, ४ ओहमचं तीन ते साडेतीन.

डीआय_आधी

वापरलेलं हेड घेणार असाल तर कोकण-मुंबईची दमट हवा लक्षात ठेवा. सगळ्यात जास्त फसवणारा बिघाड इफेक्ट्स लूपच्या (बाहेरचा इफेक्ट जोडायचे 'सेंड' आणि 'रिटर्न' हे दोन जॅक) रिटर्न जॅकमधला. त्याच्या आतल्या पत्तीवर गंज चढला की आवाज मध्येच जातो, हेड ठोकलं की परत येतो. दुकानदार म्हणेल ॲम्प गेला. एक छोटी केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावून बघा. आवाज आला तर दोष पत्तीचाच, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा सुटतो. पण आतला क्लास डी (हलक्या ॲम्पचा प्रकार) बोर्ड जळला असेल तर दुरुस्ती अवघड: बारीक पार्ट, बहुतेकदा अख्खा बोर्डच बदलावा लागतो. घेण्याआधी तो आपल्याकडे मिळतो का ते विचारा.

दुसरं, या हेड्सचा स्पीकर आउट बहुतेकदा ब्रिज पद्धतीचा असतो, त्याचं कुठलंच टोक ग्राउंड नसतं. तो मिक्सरला किंवा दुसऱ्या ॲम्पच्या इनपुटला कधीच लावू नका. मिक्सरसाठी डीआयच. तोही 'प्री'वर (टोनच्या बटणांआधीचा सिग्नल) ठेवा, म्हणजे स्टेजवर तुम्ही टोन बदललात तरी साउंडवाल्याचं गणित बिघडत नाही. कॅबसाठी स्पीकॉन केबल घ्या, पाव फेरी फिरवून 'टक्' झालं की बसली. गिटारची पातळ केबल तिथे लावली तर ती तापते.

गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) असा लावा: सगळ्यात जोरात वाजवा, लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवा, तिथून थोडा मागे. मग मास्टर (एकूण आवाज). तुमचा बास बॅटरीवाला असेल तर पॅड (जोरदार सिग्नल कमी करणारं बटण) दाबून सुरुवात करा.

आणि एक. किलोभराचं हेड कॅबच्या थरथरीने सरकत जातं, केबलचं वजन त्याला मागे ओढतं. ड्रॉवरमध्ये घालतात तो रबरी जाळीचा मॅट तळहाताएवढा कापून हेडखाली ठेवा. बाजूच्या जाळ्या मात्र झाकू नका. मे महिन्यात उघड्या स्टेजवर हेड उन्हात ठेवलंत तर पंखा असूनही तापून बंद पडेल, आणि थंड होईपर्यंत काही मिनिटं परत सुरू होणार नाही.

पाचतारी

बास बॅटरीवाला आहे. पट्टीवर १००–२४० निघालं. टोन हॅमर मागवतोय, ४ ओहमचं कॅब सोडून दिलं.